रंगूनला गेलेली दुसरी तार

आक्काला जाऊन महिना होत आला. मी शाळेतून आल्यावर चहा कोणी ठेवायचा, हे अजून घरात ठरलेलं नाही. कधी मी ठेवते, कधी ती मुलगी ठेवते. एखाद्या दिवशी दोघी एकमेकींची वाट बघत बसतो आणि शेवटी आप्पाच उठून चूल पेटवतात. मला लिहायचं आहे ते या मुलीविषयी. पण आक्काला वगळून ते लिहिता येत नाही, म्हणून इतके दिवस थांबले होते.

आक्का म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. कोवळ्या वयात कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली, तेव्हापासून मला आक्कानंच वाढवलं. आप्पा बेळगावात हायस्कुलात मास्तर. पुढे मीही ट्रेनिंग करून मुलींच्या शाळेत लागले. घरात अक्षर न ओळखणारी एकटी आक्काच होती, आणि घर चालायचं तिच्या शब्दावर.

मुलगी आली ती रंगूनहून. तिचे वडील, मी त्यांना काका म्हणते, मूळचे उचगावचे. आप्पांचे लंगोटीयार. ओव्हरसियरची परीक्षा देऊन ते ब्रह्मदेशात नोकरीला गेले आणि बायको तिथलीच केली. उचगावच्या भाऊबंदांनी त्या दिवसापासून त्यांचं नाव टाकलं. त्यांची आई वारली तेव्हा तेवढी तार केली: आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. काका निघाले नाहीत. आपल्याकडच्या तारेत माणूस अत्यवस्थ असलं म्हणजे ते गेलेलंच असतं, हे परमुलखात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. त्यांनी तार वाचली, घडी करून ठेवली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. बायकोनं विचारलं, आई नुसती आजारी आहे ना? मग अंघोळ कशाला? तेव्हा त्यांनी तिला आपली रीत समजावून सांगितली. वाईट बातमी एकदम सांगायची नाही, आधी बरी करून सांगायची. ही गोष्ट काकांकडून आम्ही पुष्कळ पुढे ऐकली, पण ती इथंच लिहून ठेवते.

मुलीला बापाची भाषा यावी, उचगावची माती एकदा तरी पायाला लागावी, असं काकांच्या मनात होतं. भाऊबंदांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. आप्पांनी कळवलं, आमच्याकडे पाठव, वर्षभर राहील. ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर ती आगबोटीनं मद्रासला आली आणि तिथून आप्पांनी तिला रेल्वेनं आणली. युद्ध तेव्हा दूर विलायतेकडे चाललं होतं. ते ब्रह्मदेशापर्यंत येईल असं आमच्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नऊ वर्षांची असेल. गोल चेहरा, सरळ दाट केस, आणि समोरच्याकडे न लाजता बघणारे डोळे. तिच्या ट्रंकेत कपड्यांखाली लाकडाचा एक ओंडका होता, मनगटाएवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमच्या देवघरातली सहाण उचलून मोरीवर नेली, पाण्याचे थेंब टाकून तो ओंडका उगाळला आणि पिवळसर गंध दोन्ही गालांना फासलं.

आक्का पाठीमागं उभी राहून बघत होती. "अगं बया! आमी देवाला गंध लावताव, ही पोरगी स्वतःलाच देव मानती की!"

मुलीला शब्द कळले नसावेत. पण आक्का हसते आहे एवढं कळलं, आणि तिनं उरलेलं गंध आक्काच्या गालाला लावलं. विधवेच्या गालाला. मी दचकले. आक्का पदरानं न पुसता तशीच चुलीपुढे जाऊन बसली.

तो ओंडका तिच्या आईनं दिला होता. तो झिजून संपायच्या आत मुलगी परत यायला हवी, असं तिनं काकांना बजावलं होतं. ओंडक्याची झीज वाचवायला आक्कानं देवाच्या चंदनाचं खोड मुलीला देऊन टाकलं. म्हणायची, "आईचं लाकूड जपून ठेव रंगूनकरीण, हे उगाळ. देव काय रुसत न्हाय." तेव्हापासून ती आमची रंगूनकरीण झाली.

पहिले दिवस जेवणाचे फार हाल झाले. तिला तिकडची आंबवलेली मासळी हवी असायची. आक्काच्या गळ्यात तुळशीची माळ. मासळीचा वाससुद्धा तिला सोसत नसे. पण घाटाखालून वेंगुर्ल्याची सुकी मासळी बाजारात येते, ती तिनं नाकाला पदर लावून विकत आणली, शेजारणीकडून भाजून घेतली आणि मुलीला शेजारणीच्याच पायरीवर बसवून भाताबरोबर खाऊ घातली. शेजारीण म्हणाली, "आक्का, माळ काढून ठेवा आता." आक्का म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात हाय गं, पोरीच्या न्हाय."

पाऊस गेला, दिवाळी झाली. मुलगी उचगावच्या भाषेत भांडायला लागली. आप्पा तिला शुद्ध बोलायला शिकवायचे आणि ती त्यांना म्हणायची, "न्हाय जमत, मास्तर, लई अवघड हाय." रात्री ती माझ्या शेजारी झोपायची आणि झोपेत मात्र आईच्या भाषेत बोलायची.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी ती परसात पाटावर बसून पेरू खात होती. केस मोकळे होते. भिंतीवरून कावळा उडाला आणि त्यानं पेरूवर झडप घालताना पंजे तिच्या डोक्यात रोवले. तिनं किंचाळून हात झाडले. कावळा गेला. टाळूवर रक्ताचा एवढासा ठिपका आला. मुलगी स्वतःच हसायला लागली. मी शाळेला निघाले होते. मी मागे वळून पाहिलं तर आक्काच्या हातातली कळशी जमिनीवर होती आणि पाणी तिच्या पायाखालून वाहत होतं.

कावळ्याचा पंजा डोक्याला लागला की त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडे मानतात. त्याला उतारा एकच. त्या माणसाच्या सख्ख्या नातेवाइकाला, ते माणूस मेलं असा खोटा निरोप धाडायचा. नातेवाइकानं खरोखर रडायला हवं. डोळ्यांतून पाणी आलं की मरण फसतं, आल्या वाटेनं परत जातं. आप्पांच्या लहानपणी त्यांच्या बाबतीत असंच झालं होतं. जवळच्याच काकती गावी मामाला निरोप गेला. मामा डोक्याला फडकं बांधून रडत रडत चालत आला, आणि दारात भाचा गोट्या खेळताना दिसला. आक्का ती गोष्ट रंगवून सांगायची. "मामानं आमच्या साऱ्या खानदानाला शिव्या घातल्या, मग गुळाची पोळी खाल्ली, मग परत शिव्या घातल्या." आप्पा ऐकून हसायचे. मीही हसत असे.

मी संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा आक्का उंबऱ्यावर बसली होती. चेहरा निवांत होता. मुलगी अंगणात लगोरी खेळत होती. आप्पा आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. आक्कानं ताट वाढलं आणि दिवसभराची हकिकत सांगायला सुरुवात केली.

सकाळीच तिनं दूधवाल्याला उचगावला धाडलं होतं, काकांच्या भाऊबंदांकडे. रक्ताचे ते तेवढेच जवळ. दूधवाला दुपारी परत आला आणि म्हणाला, "आक्का, सांगितलं मी. ते म्हणाले, मग आमाला सुतक धराय लागतंय काय? मी म्हटलं, तुमचं तुमी बघा. तर परत शेंगा फोडत बसले."

"एक टिपूस न्हाय काढलं मेल्यांनी," आक्का म्हणाली. "मग मी काय करू? माझ्या रडण्याला कोण इचारतंय? सख्खं माणूस पायजे. म्हणून मग तिच्या आईलाच तार केली."

आप्पांचा हात ताटातच राहिला. "काय केलंस?"

"रंगूनला. मीच गेलते तार हापिसात, त्यांच्या पत्राचं पाकीट घिऊन. तारमास्तरानं इचारलं, कोण गेलं आज्जी? म्हटलं, लेक गेली. रडू आणावं लागलं न्हाय रं, तोंडातनं शब्द काढला आणि आलंच. त्यानं मला पाणी दिलं. उद्या दुसरी तार करायची, पोर झकास हाय म्हणून. एक रात रडंल बिचारी, पर पोरीचं आयुष्य वाढंल की."

"आक्का, मामा काकतीला होता गं," आप्पा म्हणाले. "संध्याकाळी येऊन हसून गेला. ही समुद्रापलीकडे आहे."

"म्हणून तर तार केली," आक्का म्हणाली.

आप्पा उष्ट्या हातानं उठले. तार ऑफिस बंद व्हायच्या आत पोचले आणि दुसरी तार त्यांनीच केली: मुलगी सुखरूप, पहिली बातमी खोटी, सविस्तर पत्री. घरी येऊन ते न जेवताच आडवे झाले. आक्का त्यांचं झाकून ठेवलेलं ताट पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली.

रंगूनहून उत्तर आलं नाही. आप्पांनी पत्र पाठवलं होतं, त्याचंही नाही. थोड्याच दिवसांत वाचनालयातल्या वर्तमानपत्रात आलं की रंगूनवर बाँब पडले. माणसं बंदराकडे धावताहेत, बोटींत जागा नाही. मग तारा घेणं बंद झालं, मग टपाल बंद झालं. आम्ही मुलीला काहीच सांगितलं नव्हतं. ती आक्काला विचारायची, "आक्का, आई आगबोटीनं येईल की रेल्वेनं?"

"दोन्हीनं," आक्का म्हणायची. "आधी ही, मग ती. तू बी तशीच आलतीस न्हवं?"

आक्काचा त्यावर विश्वासच होता. युद्ध आल्यावर काका बायकोला घेऊन निघणार, आणि निघाले की लेक जिथं आहे तिथंच येणार. मग आपण तिच्या पाया पडू, ती आपल्याला शिव्या घालील, आपण तिला गुळाची पोळी वाढू. तिनं गूळ आणून ठेवला होता.

काका आले ते वैशाखात. दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. दाढी वाढलेली, पायांना चिंध्या, गालफडं आत गेलेली. मला वाटलं भिकारी आहे, म्हणून मी भाकरी आणायला आत वळले. तो म्हणाला, "मास्तर हाईत का घरात?" तेवढ्यात मुलगी तांब्या घेऊन बाहेर आली, कोण आलंय बघायला.

तो माणूस मागे सरकला. अंगणाच्या पायऱ्या उतरून खाली गेला. मुलगी म्हणाली, "बाबा?" तरी तो पुढे येईना. शेवटी तिनंच जाऊन त्याचा हात धरला, तेव्हा त्यानं तिच्या तोंडावरून, केसांवरून, दंडावरून बोटं फिरवली, आंधळा माणूस फिरवतो तशी. मग तो तिथंच पायरीवर बसला.

आप्पा आले, आक्का आली. आक्कानं ताकाचा पेला त्यांच्यापुढे धरला. पेला त्यांनी घेतला नाही. बोलायला लागले ते थांबेचनात.

"मी वरच्या मुलखात पुलाच्या कामावर होतो. तारा आल्या तेव्हा ती घरी एकटीच. पहिली शेजारच्या गुजराथ्यानं वाचून दाखवली. दुसरी पण त्यानंच वाचली. तिनं इचारलं, दोन्ही एकाच घरातनं आल्यात? तो व्हय म्हणाला. तर ती म्हणाली, ही माणसं मेलेल्याला आजारी लिवतात. त्यांनी सरळ मेली म्हणून लिवलं, मग ते केवढं खरं असंल! दुसरी कुणीतरी दया येऊन केलीया."

आक्का खाली बसली.

"मी परत आलो तोवर बाँब पडून गेलते. तिला म्हटलं, चल, बोट मिळंल, न्हाय मिळाली तर चालत जाऊ. पोरगी जित्ती असंल. ती म्हणाली, असंल कशाला म्हणता? हाय म्हणा." काका आप्पांकडे बघत होते, आक्काकडे नाही. "मला म्हणता आलं न्हाय. माझाच इश्वास न्हवता. आपली माणसं कसं लिवतात मला ठावं न्हाय व्हय? ती म्हणाली, मग मी त्या मुलखात कुणासाठी येऊ? बहिणीच्या गावाला निघून गेली. मी डोंगरातनं चालत आलो. आणि इथं कशाला आलतो सांगू? पोरीचं दहावं-तेरावं तुमी केलं का न्हाय, ते इचारायला."

मुलगी दारातच उभी होती, तांब्या तसाच हातात. सगळं तिनं ऐकलं होतं. आम्ही लपवलेलं सगळं त्या एका दुपारी तिला कळलं. ती रडली नाही. आक्काकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही आक्काला काही बोलेल. तिनं बापाच्या पायांवर पाणी ओतलं आणि चिंध्या सोडायला बसली.

त्यानंतर काकांनी निपाणीकडच्या रस्त्याच्या कामावर नोकरी धरली. सवड मिळेल तेव्हा मोटारीनं यायचे. मुलगी आमच्याकडेच राहिली. ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात, तिथं कागदाचा कपटा जाण्याची सोय नाही. आई जिवंत, लेक जिवंत, आणि आईच्या लेखी लेक मेलेली, अशी वर्षं गेली.

आक्का बदलली ती मला शब्दांत नीट सांगता येत नाही. काकतीच्या मामाची गोष्ट तिनं पुन्हा कधी सांगितली नाही. कुणाचा निरोप कुणाला सांगायला ती तयार होईना. शेजारीण म्हणाली, मास्तरांना सांगा अमके येऊन गेले, तर म्हणायची, "तुमीच सांगा बाई." भात शिजला का विचारलं तरी झाकण काढून बघितल्याशिवाय हो म्हणायची नाही. मुलीचं मात्र सगळं करायची. सुकी मासळी आता स्वतः भाजायची, आपल्याच चुलीवर. माळ तिनं काढून देवापुढे ठेवली होती.

लढाई संपली आणि पुष्कळ खटपटी करून काकांना परत जाण्याचा परवाना मिळाला. मुलीला नेण्याची सोय नव्हती. आक्का म्हणाली, "नुसतं सांगून ती ऐकायची न्हाय. फोटो न्या." मुलीला जरीच्या काठाचं लुगडं नेसवून कॅम्पातल्या फोटोवाल्याकडे नेलं. "जुना फोटो हाय म्हणंल ती," आक्का वाटेत सारखी म्हणत होती. "उंची दिसू दे. केवढी झालीया ते दिसू दे." फोटोवाल्याला तिनं मुलीशेजारी मला उभं करायला लावलं, उंची कळावी म्हणून. त्या फोटोत मुलगी माझ्या कानाला लागते. तिच्या गालांवर आईच्या ओंडक्याचं गंध आहे. तेवढं एक तिनं हट्टानं केलं होतं.

काका निघाले त्या दिवशी आक्कानं पुन्हा गूळ आणून ठेवला.

काका परतले ते एकटेच. लढाईच्या शेवटच्या वर्षी मुलीची आई तापानं गेली होती. औषध नव्हतं. लेकीच्या नावानं ती दर वर्षी भिक्षूंना जेवण घालायची, धान्य मिळेनासं झालं तेव्हाही. काकांनी तिची गंध उगाळायची सहाण आणली होती. ती त्यांनी मुलीपुढे ठेवली.

मुलीनं ती उलटसुलट करून बघितली आणि बाजूला ठेवली. आप्पा उठून परसात गेले. आक्का मुलीजवळ सरकली. "रड गं," ती म्हणाली. "रंगूनकरीण, सख्खी तू एकटीच हाईस तिला. एकदा रड."

"कशाला?" मुलगी म्हणाली. "खोटं निघालं तर?"

टोचून बोलायला म्हणून ती हे बोलली नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं. आवाज अगदी साधा होता. आक्कानं तिच्याकडे बघितलं आणि तिचा हात सोडला. काकांनी तिळपाण्याचा विषय काढला, तेव्हाही मुलगी म्हणाली, "राहू दे बाबा. तिनं माझं केलं, मी जित्ती असताना. मी न्हाय करणार."

आक्काचं जेवण त्यानंतर तुटलं. आजार असा काही नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय झालं. शेवटी शेवटी ती मुलीला जवळ बसवून घ्यायची. एकदाच म्हणाली, "मी मेले की तू माझ्याजवळ बस. नीट बघ. हात लावून बघ. कुणी सांगितलं म्हणून मानू नगंस." मुलगी व्हय म्हणाली.

आणि तिनं तसंच केलं. पहाटे आक्का गेली. मुलगी येऊन बसली. आक्काच्या कपाळाला हात लावला, तळवे चोळले, नाकापुढे बोट धरलं. शेजारणी जमल्या होत्या. एक हळूच म्हणाली, "काय करती ही पोरगी?" खूप वेळानं मुलगी म्हणाली, "हे खरं हाय." मग तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत आम्ही तिचं रडणं ऐकलं नव्हतं. ती आईच्या भाषेत रडत होती. मी आक्काची सख्खी भाची, पण त्या रडण्यापुढे माझ्यानं रडवलं नाही. शेजारीण दुसरीला म्हणाली, "सख्खं माणूस नसून बघ गं." मला वाटलं, आक्कानं हे ऐकायला हवं होतं.

मार्कंडेय नदीच्या काठी, कंग्राळी गावाखाली, दहावा केला. पिंडाला कावळा लगेच शिवला. त्याविषयी मला काही लिहायचं नाही.

तेरावा झाल्यावर मुलगी म्हणाली, "ताई, मी एकदा बघून येते."

"काय बघणार गं तिथं आता?"

"गाव बघते. मावशीला बघते. मला बघून ती रडली, तर खरं."

काका तिला घेऊन जाणार आहेत. आप्पांनी आधी नको म्हटलं, मग मानलं. काल मी तिची ट्रंक भरत होते. ओंडका आता बोटाएवढाच उरला आहे, तो तिनं स्वतः ठेवला. मी शेजारी आक्कानं दिलेलं चंदनाचं खोड ठेवलं, तर तिनं ते काढून परत देवघरात नेलं. परत येणार का, असं मी विचारलं नाही.

एवढंच म्हणाले, "पोचलीस की तार करू नकोस. पत्र लिही. स्वतःच्या हातानं."

"आणि ते तुमी खरं मानाल?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि ट्रंकेचं झाकण लावलं.